स्क्रू पिळण्याआधी हवेची वाट शोधा

गाडीचे ब्रीदर पाईप नवे टाकले आणि घरी पोहोचेपर्यंत इंजिनाची रेस चढली, ही तक्रार आपल्या गॅरेजांत काही नवी नाही. गाडी उभी असताना जे इंजिन मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्यांवर शांत चालायचे, ते पाय न लावता पंधराशे-अठराशेवर गुरगुरत राहते. मालक कपाळाला आठ्या घालून परत येतो. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर उचलतो आणि म्हणतो, "सेठ, रेस कम कर देता हूँ, दो मिनट का काम है." दोन मिनिटांत रेस खाली येते, मालक खूश होतो आणि मिस्त्रीही सुटतो. या दोन मिनिटांच्या कामाविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत.

मी कापडाचा व्यापारी आहे. इंजिन खोलणे हा माझा धंदा नव्हे. परंतु आम्हा छोट्या कापड व्यापाऱ्यांचा माल दुकानापासून ट्रान्सपोर्टपर्यंत आणि ट्रान्सपोर्टपासून दुकानापर्यंत नेण्याचे काम वर्षानुवर्षे मारुतीच्या व्हॅननेच केले आहे. १९८४ साली आलेली ही व्हॅन पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेली. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले, तरी जुन्या ओम्नी अजूनही मालाची ने-आण करताना दिसतात. २०१० साली आलेली ईकोही त्याच कामाला लागली आहे. या गाड्यांच्या दुरुस्तीची बिले आम्ही चुकती करतो. जो बिल देतो त्याला काम कसे झाले हे विचारण्याचा हक्क आहे, आणि ते समजून घेण्याची जबाबदारीही आहे. शिवाय आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल गॅरेजच्या कमाईवर पेटते. तेव्हा या कामाची पत राहणे ही केवळ मिस्त्रीची नव्हे, आपल्या सर्वांचीच गरज आहे.

माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगतो. रेस का चढली हे सापडल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. आणि ते शोधण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे गाडीमालकाने कुरकुर न करता द्यावेत. पहिली गोष्ट कारागिराने पाळायची आहे, दुसरी आपण.

हा पाईप करतो काय?

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा सगळा धूर सायलेन्सरकडे जात नाही. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. त्यात न जळालेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते. हा वायू आत कोंडला तर ऑइल खराब होते, झाकणाखाली पांढरट साय धरते, दाब वाढून सील आणि पॅकिंगमधून ऑइल गळू लागते. जुन्या काळी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील धुरक्याचा शोध लावताना असे आढळले की, मोटारीतून बाहेर पडणाऱ्या न जळालेल्या इंधनापैकी सुमारे पाचवा हिस्सा याच नळीतून येतो. म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हा वायू परत इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था सक्तीची झाली. आज आपल्या गाड्यांतही तीच व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत सहसा दोन पाईप असतात. एक एअर फिल्टरकडून स्वच्छ हवा टॅपेट कव्हरमध्ये आणतो. दुसरा आतला वायू ओढून इंटेक मॅनिफोल्डमध्ये नेतो. या दुसऱ्या पाईपच्या वाटेवर पी.सी.व्ही. नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन रिकामे चालत असताना मॅनिफोल्डमधील ओढ खूप जास्त असते, पाऱ्याच्या मापाने पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटरपर्यंत. त्या वेळी हा व्हॉल्व्ह जवळजवळ मिटतो आणि थोडीच हवा जाऊ देतो. गाडी रस्त्यावर धावू लागली, ओढ कमी झाली की तो जास्त उघडतो. म्हणजे हा व्हॉल्व्ह पहारेकरी आहे. किती हवा आत जावी याचा हिशेब तो ठेवतो. पहारेकरी झोपला किंवा त्याला वगळून दुसरी वाट उघडी राहिली, तर बिनहिशेबी हवा आत शिरते. पाईप बदलल्यानंतर चढलेल्या रेसचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

रेस चढते कशी?

इथे एक गोष्ट आपल्या कारागिरांनी नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण कार्बोरेटरच्या गाडीवर हात बसलेला उस्ताद नव्या गाडीत इथेच फसतो. कार्बोरेटरच्या गाडीत मॅनिफोल्डने कुठून जादा हवा घेतली, तर मिश्रण पातळ होते. इंजिन लडबडते, मिसिंग करते, स्लोवर बंद पडते. त्यामुळे 'हवा घेतली की इंजिन बसते' असा आडाखा जुन्या मिस्त्रींच्या मनात पक्का आहे.

२००० सालाच्या आसपास आपल्याकडे एम.पी.एफ.आय. गाड्यांचे राज्य सुरू झाले. त्यांतील बऱ्याच छोट्या इंजिनांत आत येणारी हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधील दाब मोजतात आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. अशा गाडीत पाईपमधून चोरून हवा शिरली की मॅनिफोल्डमधील दाब वाढतो. कॉम्प्युटरला वाटते, हवा जास्त आली, तेव्हा पेट्रोलही जास्त द्यावे. तो पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. इंजिन न लडबडता, अगदी गुळगुळीत चालत वर जाते. म्हणून उस्तादाला हवेचा संशयच येत नाही.

तिसरी तऱ्हा हवा मोजणारा मीटर असलेल्या गाड्यांची. मीटरच्या पुढे कुठे हवा शिरली, तर ती मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ पडते, रेस वरखाली होते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. एकच फुटका पाईप तीन गाड्यांत तीन निराळी दुखणी दाखवतो. म्हणून समोरची गाडी कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावे, मग हत्यार उचलावे.

स्क्रू काय झाकतो?

कोणी म्हणेल, रेस खाली आली ना, मग बिघडले कुठे? बिघडले असे की हवेची वाट तशीच राहिली. पाईप टाकताना मिस्त्रीचा हात आजूबाजूच्या चार पाईपांना लागतो. त्यांत ब्रेकच्या सर्वोकडे जाणारा पाईपही असतो. ज्या गाड्यांत ब्रेकला सर्वो आहे, त्यांत हाच पाईप मॅनिफोल्डची ओढ सर्वोपर्यंत पोहोचवतो आणि त्या ओढीच्या जोरावर ब्रेक हलका लागतो. त्याची क्लिप ढिली राहिली तरी रेस चढते. अशा वेळी स्क्रूने रेस उतरवली, तर रोग झाकला गेला आणि ब्रेकची ताकद कमीच राहिली. मालेगावचे कापड भरलेली गाडी कसारा घाट उतरत असताना ब्रेकचे पॅडल दगडासारखे लागले, तर त्या दोन मिनिटांच्या कामाची किंमत काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा. ड्रायव्हर कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी बाप असतो.

दुसरे नुकसान खिशाचे. उभ्या गाडीत इंजिन चढत्या रेसवर चालते तेव्हा पेट्रोल जास्त जाते, हे सांगायला नको. स्क्रूने रेस उतरवली तरी मिश्रणाचा तोल बिघडलेलाच राहतो. पेट्रोल गाडीची पी.यू.सी. तपासणी इंजिन स्लोवर चालत असतानाच होते, त्यामुळे तिथेही अडचण येते.

तिसरे नुकसान हिशेबाचे, आणि व्यापारी म्हणून मला ते सर्वांत जास्त खुपते. स्क्रू पिळणारा किती फेरे पिळला हे कुठेही लिहून ठेवत नाही. वहीत नोंद न करता कोणी गल्ल्यातून पैसे घ्यावेत, तसा हा प्रकार आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी गेली की तिथला मिस्त्री त्या चुकीच्या स्क्रूलाच मूळ समजून पुढचा हिशेब मांडतो. एका चुकीवर दुसरी चूक चढते आणि शेवटी "इंजिनच गेले" असे ऐकायला मिळते.

तपासणीचा क्रम

दुरुस्तीचे काम जाणणाऱ्यांशी बोलून आणि स्वतः उभे राहून पाहून जो क्रम मला समजला, तो इथे देतो. यांत पहिल्या काही पायऱ्यांना एक पैशाचे हत्यार लागत नाही.

१) इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे. थंड इंजिनाची रेस मुळातच वर असते, तो दोष नव्हे. ए.सी. आणि दिवे बंद करावेत, कारण ते चालू असताना काही गाड्या स्वतःच रेस वाढवतात.

२) ॲक्सिलरेटरची केबल पाहावी. पाईप टाकताना ती ओढली गेली, एखाद्या क्लिपमध्ये अडकली किंवा खाली पायदाण सरकून पॅडल दाबले गेले, तर रेस चढणारच. केबल थोडी ढिली लागली पाहिजे.

३) काढलेला आणि न काढलेला, प्रत्येक पाईप हाताने चाचपावा. ब्रेक सर्वोचा पाईप, दाब मोजणाऱ्या सेन्सरची बारीक नळी, वायरींचे प्लग, सर्व काही. सेन्सरची नळी निघाली तर कॉम्प्युटरला इंजिनावर भारी ओझे आहे असे वाटते आणि तो पेट्रोल ओतू लागतो, धूर काळा होतो.

४) पाईप आपापल्या जागी आहेत काय? स्वच्छ हवेचा पाईप आणि ओढीचा पाईप यांची अदलाबदल झाली, व्हॉल्व्ह उलटा बसला किंवा बसवायचा राहिला, तर मॅनिफोल्डला मोकळी वाट मिळते. अशा वेळी रेसबरोबर ऑइलही ओढले जाते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. व्हॉल्व्ह ज्या रबरी बुचात बसतो ते बूच जुने होऊन कडक पडते. नव्या पाईपची क्लिप घट्ट आणि बूच चिरलेले, असे पुष्कळदा होते.

५) इंजिन चालू असताना ओढीचा पाईप चिंधी गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबावा. रेस किंचित उतरली तर ते ठीक आहे, कारण तेवढी हवा त्या वाटेने जायचीच असते. रेस एकदम जागेवर आली, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. काहीच फरक पडला नाही, तर हवा दुसरीकडून येते आहे. प्लास्टिकचा कडक पाईप मात्र दाबू नये, तो तडकतो.

६) व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवावा. आतला तुकडा खडखडला पाहिजे. खडखडला म्हणजे व्हॉल्व्ह उत्तम असे नव्हे, पण न खडखडला तर तो अडकला आहे हे नक्की. आणि दुसऱ्या गाडीचा, दिसायला सारखा व्हॉल्व्ह बसवू नये. आतले छिद्र निराळे असते.

७) ऑइलचे झाकण काढून, स्वच्छ हवेचा पाईप बोटाने बंद करून, तोंडावर जाड कागद धरावा. थोड्या वेळात कागद आत ओढला गेला, तर व्यवस्था चालू आहे. कागद वर उडाला, तर एक तर वाट तुंबली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. ज्या गाडीत हवेचा मीटर आहे, तिथे ऑइलचे झाकण, गेजची काडी आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग यांतून शिरणारी हवाही रेस बिघडवते, हे विसरू नये.

८) तरीही सापडले नाही, तर जोडांवर आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर थोडे थोडे साधे पाणी फवारावे. स्पार्क प्लग आणि वायरी जपाव्यात. फटीत पाणी ओढले गेले की क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो. काहीजण इथे पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनावर हा खेळ नको. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि मागे कापडाचे गठ्ठे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

९) शेवटी स्कॅनर. एम.पी.एफ.आय. गाडीत स्लोची हवा सोडणारा एक व्हॉल्व्ह कॉम्प्युटरच्या हाती असतो. कॉम्प्युटरने तो जवळजवळ पूर्ण मिटला आहे आणि तरी रेस वर आहे, असे स्कॅनरने दाखवले, तर हवा दुसऱ्या वाटेने येते याला आणखी पुरावा नको. पी ०५०७ हा कोड रेस अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचा आणि पी ०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा. कोड रोगाचे लक्षण सांगतो, रोगाची जागा सांगत नाही. जागा माणसालाच शोधावी लागते.

नवा पाईप बरोबर, जुना स्क्रू चुकीचा

या साऱ्याला एक उलटी बाजू आहे आणि ती फार मोलाची आहे. समजा, कार्बोरेटरच्या गाडीचा जुना पाईप वर्षभर फुटका होता. इंजिन स्लोवर बंद पडायचे, म्हणून कोणीतरी स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवली. आता नवा पाईप आला, हवेची चोरी थांबली, मिश्रण जागेवर आले आणि वाढवलेला स्क्रू उघडा पडला. रेस चढली! इथे नव्या पाईपला दोष देणे म्हणजे चोरी थांबवणाऱ्या पहारेकऱ्यालाच पकडण्यासारखे आहे. इथे स्क्रू मागे घेणे अगदी योग्य. पण किती फेरे घेतले ते मोजून, कारण समजून आणि बिलावर लिहून.

एम.पी.एफ.आय. गाडीतही असे घडते. जुना पाईप काजळीने तुंबला होता, तेव्हा कॉम्प्युटरने आपला व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवण्याची सवय लावून घेतली. वाट मोकळी झाल्यावर ती सवय सुटायला थोडा वेळ लागतो. कंपनीने सांगितलेल्या रीतीने कॉम्प्युटरला नव्याने शिकवले, किंवा काही गाड्यांत थोडे चालवले, की रेस आपोआप खाली येते. ज्या नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबलच नसते, तिथे थ्रॉटलच्या टेकूचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. त्याला तर हात लावूच नये.

याचा अर्थ, स्क्रू हा शत्रू आहे असे मी म्हणत नाही. त्याची पाळी शेवटची आहे, एवढेच.

पाईपचे रबर आणि आतला धागा

पाईपविषयी मात्र कापडवाल्याला थोडा अधिकार आहे. चांगला पाईप कापून पाहिला, तर रबराच्या दोन थरांमध्ये पॉलिस्टर धाग्याची वीण दिसते. तो धागा पाईपला फुगू देत नाही आणि आकार टिकवायला मदत करतो. बाजारात काळा दिसतो तो प्रत्येक पाईप एकच नसतो. रेडिएटरच्या पाण्याला चालणारे रबर ऑइलच्या वाफेत फुगते, मऊ पडते. मग वरून नवा दिसणारा पाईप आतून ओढीने चिपटतो किंवा जोडावर सैल होतो. ऑइल सोसणारे नायट्राइल रबर आणि ओढ सोसणारी भिंत, या दोन्ही गोष्टी दुकानदाराला विचारूनच पाईप घ्यावा. गाडीचा खास वळणाचा पाईप मिळत असेल, तर सरळ पाईप वाकवून बसवू नये. वाकला की दुमडतो आणि दुमडला की वाट बंद.

आपल्या धंद्यात ताण्यातला दोष रंगारी झाकू शकत नाही, पहिल्याच धुलाईत तो उघडा पडतो. स्पेअर पार्ट विकणाऱ्या बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे. चार पैसे स्वस्त म्हणून पाण्याचा पाईप ऑइलच्या जागी विकला, तर शिव्या मात्र मिस्त्रीला पडतात.

कसूर कोणाची?

आता कडू बोलतो. मिस्त्री स्क्रू का पिळतो? त्याला अक्कल नाही म्हणून? मुळीच नाही. आपल्या कित्येक उस्तादांना इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगण्याचा हुनर आहे. ते स्क्रू पिळतात, कारण आपण फक्त पार्टचे आणि पाना फिरवण्याचे पैसे देतो. तासभर उभे राहून त्याने बारीक नळी शोधून काढली आणि क्लिप आवळली, तर आपण विचारतो, "एक क्लिप कसली तेवढ्याचे इतके?" हाच प्रश्न आपण डॉक्टरला विचारत नाही. हकिमाकडे नाडी दाखवायचे पैसे आपले वाडवडीलही देत होते. उर्दूत याला तशखीस म्हणतात, मराठीत निदान. दवा त्यानंतरची. गाडीच्या बाबतीत मात्र निदान फुकट आणि दवा उधार, अशी आपली अपेक्षा असते. फुकटात मिळते ते दोन मिनिटांचेच काम असणार.

याचा फायदा मोठ्या वर्कशॉपना होतो. तिथे तपासणीचे पैसे बिलावर वेगळे छापलेले असतात आणि आपण ते निमूटपणे भरतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तेच मागितले तर आपल्याला तो लुबाडतो असे वाटते. मग आपणच म्हणतो की आपली मुले मागे पडली.

कारागिरांचीही काही जबाबदारी आहे. पाईप काढण्यापूर्वी मोबाईलवर दोन फोटो घ्यावेत. यासाठी खर्च शून्य. तपासणीचा दर भिंतीवर लिहून लावावा आणि दोष सापडला की मालकाला बोलावून दाखवावा. बिलाच्या मागे दोन ओळी लिहाव्यात: काय सापडले, काय बदलले, स्क्रू किती फेरे फिरवला. वरचा तपासणीचा क्रम उर्दूत किंवा मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून टांगावा. गाडीची पुस्तके इंग्रजीत असतात आणि आपले शागीर्द उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेले. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, परक्या भाषेतील कागद पाहून माणूस कसा बिचकतो हे मला ठाऊक आहे. समजलेली गोष्ट आपल्या लिपीत लिहिली की ती हाताला लागते.

ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलाला आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जरूर घालावे आणि संध्याकाळी गॅरेजवर बसवावे. उस्तादाचा कान आणि आय.टी.आय.चे पुस्तक एकत्र आले तर त्या मुलाला कामाची कमी पडणार नाही. एका गल्लीतल्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून चांगला स्कॅनर आणि फट शोधायचे धुराचे यंत्र घ्यावे, वापराचा हिशेब वहीत ठेवावा. सरकारच्या मदतीची वाट पाहण्यात अर्थ नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील १८ कामांत शिंपी आहे, लोहार आहे, पण मोटार मिस्त्री नाही.

काहीजण म्हणतात, आता विजेच्या गाड्या येत आहेत, त्यांना ना ऑइल ना ब्रीदर पाईप, मग ही विद्या शिकून काय उपयोग? पेट्रोलच्या गाड्या अजून बरीच वर्षे आपल्या दारात येत राहतील, हे एक उत्तर. दुसरे असे की, पाईप जाईल पण क्रमाने दोष शोधण्याची सवय जाणार नाही. जो आज हवेची वाट शोधायला शिकला, तो उद्या विजेची वाटही शोधेल. फक्त स्क्रू पिळायला शिकला, त्याच्यासाठी मात्र नव्या गाडीत स्क्रूच उरणार नाही.

व्यापारी बांधवांना शेवटी एकच विनंती. पुढच्या वेळी गाडी गॅरेजमधून आणताना "रेस उतरली का?" एवढेच विचारू नका. "कारण काय सापडले?" असे विचारा. उत्तर मिळाले, तर तपासणीचे पैसे वेगळे काढून द्या आणि ते बिलावर लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर गाडी एक दिवस तिथेच राहू द्या. एक दिवस माल उशिरा पोहोचला तरी चालेल, गाडीचा ब्रेक मात्र वेळेवर लागला पाहिजे.